क्रीम लावूनही उन्हाने चेहरा भाजतोय? ट्यूब बदलण्याआधी काय तपासायचं

होळी सरली की सोलापुरातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एकच तक्रार सुरू होते. समोरचा माणूस अर्धी संपलेली ट्यूब पुढे ठेवतो आणि म्हणतो, "हे काही चालत नाही, दुसरं भारीतलं द्या." कधी तो दिवसभर टू-व्हीलरवर फिरणारा वसुलीवाला असतो, कधी घरोघरी सर्व्हे करणारी ताई, कधी द्राक्षाच्या बागेवरून आलेला शेतकरी, तर कधी पार्क मैदानावर पोरांना पळवणारे सर. त्वचा नाजूक आणि काम उन्हातलं, एवढं सगळ्यांचं सारखं. दुसरी ट्यूब विकणं मला सोपं आहे, पण दहातल्या बहुतेक वेळा दोष ट्यूबचा नसतोच. म्हणून मी आधी काही प्रश्न विचारतो. फुकटात होणारी तपासणी आधी आणि खिशाला लागणारी नंतर, असा त्यांचा क्रम ठरला आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुठे थांबायचं हेही खाली स्पष्ट लिहिलं आहे.

आधी लक्षणं

उन्हाने भाजलेली त्वचा लगेच सांगत नाही. दुपारी घरी येईपर्यंत काही जाणवत नाही. तीन-चार तासांनी चेहरा तापायला लागतो, रात्री उशी टोचते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो. चार-पाच दिवसांनी पापुद्रे निघतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे "लाल कुठे झालंय, भाजलं नसेल" असं म्हणून लोक फसतात. कातडी ओढल्यासारखी वाटणं, गरम लागणं आणि पाणी लावल्यावर चुरचुरणं, ही आपल्याकडची खरी खूण.

बारीक टाचणीच्या डोक्याएवढे खाजरे पुरळ हातांच्या बाहेरच्या बाजूला, मानेवर आणि गळ्याखाली उठत असतील, ते उन्हात गेल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येत असतील आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडालाच येत असतील, तर ती उन्हाची अ‍ॅलर्जी असू शकते. हंगाम पुढे सरकला की ती बऱ्याचदा आपोआप कमी होते.

पाठीवर, काखेत, कमरेच्या नाडीखाली टोचणारे दाणे आले असतील तर ते घामोळं. तो घामाचा त्रास आहे, उन्हाच्या किरणांचा नव्हे. त्यावर सनस्क्रीन थापलं तर वाढतं.

आरसा घ्या

पहिली तपासणी फुकटची आहे आणि तीच सगळ्यात जास्त सांगून जाते. उजेडात आरसा धरून बघा, त्रास नेमका कुठे आहे आणि कुठे नाही.

उन्हाचा त्रास उन्हाचा नकाशा पाळतो. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कानाची वरची कड, मानेची मागची बाजू, हाताचा वरचा भाग. हनुवटीखालचा खळगा, कानामागची जागा आणि वरच्या पापणीची घडी हे भाग सावलीत असतात, म्हणून ते बहुधा वाचतात. घड्याळाचा पट्टा काढल्यावर त्याखालची कातडी स्वच्छ दिसते.

उलट पापण्या सुजल्यात, कानामागे खाज आहे, मानेच्या वळ्यांत आणि कोपराच्या आतल्या घडीत चरचरतंय, तर संशय उन्हावर घेऊ नका. तिथे ऊन पोचतच नाही. तिथे पोचते ती हवेतली धूळ, परागकण, केसांचा डाय किंवा तुम्ही लावलेलं काहीतरी. अशा माणसाला मी कितीही भारी सनस्क्रीन दिलं तरी पंधरा दिवसांनी तो परत येणारच.

फक्त उजवा हात आणि उजवा गाल काळवंडला असेल तर विचारतो, गाडी चालवता का? काचेतून भाजणारे यूव्हीबी किरण अडतात, पण काळवंडवणारे यूव्हीए किरण बाजूच्या साध्या काचेतून बरेचसे आत येतात. पुढची काच दोन थरांची असते, ती बरंच अडवते. म्हणून ट्रक आणि टॅक्सीवाल्यांचा खिडकीकडचा हात वेगळाच दिसतो. एसटीत रोज त्याच बाजूला बसणाऱ्यांनाही हे लागू आहे.

घड्याळ आणि सावली

लोक उन्हाचा अंदाज चटक्यावरून घेतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सगळ्यात जास्त तापतं ते दुपारी तीन-चारच्या सुमाराला. म्हणून लोक म्हणतात, "मी तर चारच्या उन्हात जातच नाही, बारा-साडेबारापर्यंत कामं उरकून घेतो." गोंधळ इथेच आहे. कातडी जाळणारे किरण डोळ्याला दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. ते सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक असतात, आणि आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांनी. चटका सर्वाधिक लागतो त्याच्या अडीच-तीन तास आधी कातडीचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

यासाठी मोबाईल अ‍ॅपही लागत नाही. आपली सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण जोरात आहेत, झाकून घ्या. लांब असेल तर बऱ्यापैकी निभावतं. मे महिन्यात सोलापुरात सकाळी सव्वानऊ-साडेनऊपासून दुपारी साडेतीनच्या आसपास सावली आखूड असते. म्हणजे दहाला घराबाहेर पडताना क्रीम लावायला उशीरच झालेला असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर एका दुपारी उभ्या खांबाची सावलीही बुडाशी नाहीशी होते.

थंडीत निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हवा गार असते, पण भर दुपारी सावली तेव्हाही तुमच्यापेक्षा आखूडच असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर दिवसभर चालणाऱ्यांतल्या नाजूक कातडीच्या लोकांना जानेवारीतही भाजतं ते यामुळे. अंगावर फुल बाह्यांची बाराबंदी असते, हात वाचतात, चेहरा आणि मान उघडी राहते. आषाढी वारीतही तेच. माळशिरस-वेळापूरच्या रस्त्यावर पातळ ढग असतात आणि वारकऱ्याला वाटतं ऊन नाहीच. पातळ ढगातून हे किरण बऱ्यापैकी खाली येतात. जुलैअखेरीस सूर्य दुसऱ्यांदा आपल्या डोक्यावरून जातो, आणि तेव्हा सोलापुरात धड पाऊसही नसतो.

काम पुढे-मागे करता येत असेल तर उघड्यावरचं काम नऊच्या आत आणि साडेतीननंतर ठेवा. येत नसेल तर पुढे वाचा.

तोंडाला आणखी काय काय लावता?

हा प्रश्न मी दोनदा विचारतो, कारण पहिल्यांदा उत्तर "काही नाही" असंच येतं.

लिंबू. टॅनिंग काढायला लिंबू चोळणं बंद करा. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते, कधी फोड येतात आणि मागे तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात. सरबताच्या गाड्यावर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यांच्या हातावर ओघळाच्या आकाराचे डाग दिसतात, ते यामुळेच. उन्हात जाण्याआधी हात साबणाने धुणं एवढाच उपाय. काही अत्तरं आणि परफ्यूमही मानेवर असेच पट्टे उठवतात. ती कपड्यावर मारा.

केसांचा काळा डाय किंवा झटपट काळी मेहंदी. डाय केल्यावर एक-दोन दिवसांत कपाळाच्या कडेला, कानांवर आणि पापण्यांवर सूज-खाज आली तर उन्हाला दोष देऊ नका. डाय थांबवा आणि पुन्हा लावून खात्री करायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्या वेळी त्रास जास्त होतो.

आणि आता सगळ्यात वाईट प्रकार. मैत्रिणीने सांगितलेलं किंवा पार्लरमधून आणलेलं "गोरं करणारं" क्रीम. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. नायट्यावरच्या तीन-तीन औषधं एकत्र असलेल्या मलमांतही हेच असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, बारीक पुटकुळ्या येतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हातही चेहरा पेटतो. बाई माझ्याकडे सनस्क्रीन मागायला येते आणि पर्समध्ये ही ट्यूब असते. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती मिळतात हे मला माहीत आहे. एक-दोन आठवडे लावलं असेल तर बंद करा. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम सोडल्यावर चेहरा उलटून फुलतो आणि घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो. त्यांनी इथेच थांबून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

गोळ्यांची पाकिटं

घरातली चालू गोळ्यांची पाकिटं दुकानात घेऊन या, असं मी सांगतो. ही तपासणीही फुकट आहे. काही औषधं कातडीला उन्हासाठी हळवी करतात. मुरुमांसाठी दिलेलं डॉक्सीसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन, रात्री लावायची ट्रेटिनॉइन-अ‍ॅडापलिनची क्रीम्स, सिप्रोफ्लॉक्सासिन, दुखण्यावरच्या जेलमधलं कीटोप्रोफेन, आणि बीपीच्या गोळ्यांमधलं हायड्रोक्लोरोथायझाइड. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावाला शेवटी 'एच' जोडलेला असतो, त्यांत बहुधा हेच असतं. त्रास सुरू झाला ती तारीख आणि गोळी सुरू झाली ती तारीख जवळपास असतील तर धागा सापडला.

पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. बीपीची तर मुळीच नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. बऱ्याचदा पर्यायी गोळी असते.

कापड

आता थोडा खर्च. माझं मत विचाराल तर दिवसभर उन्हात राबणाऱ्यासाठी क्रीमपेक्षा कापड महत्त्वाचं. कापड घामाने ओघळत नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही आणि त्याची अ‍ॅलर्जीही क्वचितच होते. शेतात साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून आणि डोक्याला पदर-रुमाल घट्ट बांधून खुरपणाऱ्या बायका मला कधी सनस्क्रीन मागायला येत नाहीत.

कापड तपासायचं कसं? खिडकीसमोर उजेडाला धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर किरणही आरपार जाणार. पातळ पांढरा मलमलीचा स्कार्फ गार वाटतो, पण अडवतो फार थोडं. घट्ट विणीचं कापड हवं, आणि त्याच विणीत गडद रंग फिक्यापेक्षा जास्त अडवतो. गडद कापड उष्णता धरतं ही अडचण खरी आहे, म्हणून ढगळ घाला, अंगाला चिकटू देऊ नका.

ओलं कापड ही आणखी एक चकवणारी गोष्ट. मानेवर ओला पंचा टाकून काम करणारे खूप जण आहेत आणि उष्णतेसाठी ते चांगलंच आहे. मात्र पातळ सुती कापड ओलं झालं की त्यातून किरण जास्त जातात. पंचा ओला ठेवा, पण त्यावर कोरडी, रुंद काठाची टोपी किंवा दुसरं कोरडं उपरणं हवं.

गांधी टोपीने डोकं झाकतं. कान, नाक आणि मान उघडीच. क्रिकेटची कॅप फक्त कपाळ आणि नाक सांभाळते. चारही बाजूंनी तीन इंचांचा काठ असलेली टोपी किंवा मानेवर शेव सोडलेला पटका उत्तम.

टू-व्हीलरवर स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे वापरणाऱ्या मुलींची तक्रार वेगळी असते. सगळं झाकूनही हनुवटीवर आणि गालावर पुरळ. तिथे मी विचारतो, स्कार्फ कधी धुतला? घाम, धूळ आणि घासणं यानेच ते येतं. दोन-तीन स्कार्फ ठेवा, रोज धुवा, दोनदा खळबळून साबण काढा.

मग ट्यूब

इतकं होऊनही त्रास राहिला तर ट्यूबकडे वळू. आधी तारीख बघा. मग ठेवता कुठे ते आठवा. गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवलेलं क्रीम फुटतं, पाणी आणि तेल वेगळं दिसतं. ते टाकून द्या.

पुढचा मुद्दा मात्रा. पाकिटावरचा एसपीएफचा, म्हणजे भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेला असतो. आपण लावतो त्याच्या निम्म्याहून कमी, मग संरक्षणही तितकंच घटतं. सोपं माप सांगतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत क्रीमच्या दोन रेघा ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला. कानाच्या कडा, मानेची मागची बाजू आणि पायांत चप्पल असेल तर पावलांचा वरचा भाग विसरू नका. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. घामावर क्रीम बसत नाही. ओल्या रुमालाने धूळ-घाम पुसा, कोरडं करा, मग लावा.

या मापाने दिवसातून तीनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब आठ-दहा दिवसांत संपते. पाडव्याला घेतलेली ट्यूब आषाढीपर्यंत पुरत असेल तर तुम्ही क्रीम लावतच नाही आहात. हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, मलाही कळतं. म्हणूनच वर कापडावर एवढं लिहिलं. जेवढं झाकता येईल तेवढं झाका आणि क्रीम उरलेल्या उघड्या जागेपुरतं ठेवा, पण तिथे भरपूर लावा.

आकड्यांच्या मागे धावू नका. एसपीएफ ३० नीट लावलं तर भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० ने सुमारे ९८. मात्र हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा आहे. काळवंडण्यापासून वाचायचं तर 'पीए'पुढची अधिकची चिन्हं बघा, तीन किंवा चार हवीत. वांग असणाऱ्यांनी रंगाची छटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्यावं. साधा दिसणारा उजेडही वांग गडद करतो आणि बिनरंगाचं क्रीम तो अडवत नाही.

क्रीम लावल्या-लावल्या चुरचुरतं की दीड-दोन दिवसांनी खाजतं, हे नक्की सांगा. लगेच चुरचुरलं तर बहुधा कातडी आधीच सोललेली आहे किंवा जेलमध्ये अल्कोहोल आहे. उशिरा खाज आली तर अ‍ॅलर्जीचा संशय, आणि त्यात वासाची द्रव्यं आघाडीवर असतात. दोन्हींसाठी बिनवासाचं, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं क्रीम घ्या. चेहरा थोडा पांढरट दिसेल, चालवून घ्या. नवीन क्रीम थेट तोंडाला नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा.

कॅलामाइन गुलाबी असतं, त्यात झिंकही असतं, पण ते सनस्क्रीन नाही. हे मला दर उन्हाळ्यात सांगावं लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नकोच, त्याला सावलीत ठेवा.

गाजर गवत

आरशात त्रास पापण्यांवर आणि मानेच्या वळ्यांत दिसला असेल, डाय नाही, क्रीम नाही, आणि माणूस शेतातला किंवा रस्त्याच्या कामावरचा असेल, तर मी गाजर गवताबद्दल विचारतो. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं, बांधावर आणि मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे. पुण्यात १९५०च्या दशकात दिसलं आणि देशभर पसरलं. त्याची वाळलेली भुकटी आणि परागकण हवेतून अंगावर बसतात आणि ज्याला ते सोसत नाही त्याची कातडी लाल, जाड आणि खाजरी होते. उन्हात ते आणखी चिडतं, म्हणून सगळे उन्हालाच नावं ठेवतात. दरवर्षी त्रास थोडा लवकर सुरू होतो आणि जास्त दिवस टिकतो. उघड्या हातांनी ते उपटू नका आणि त्रास असेल तर कोणाकडून तरी उपटून घ्या. कामावरून आल्यावर आधी अंघोळ, कपडे वेगळे. खात्री मात्र पॅच टेस्टनेच, म्हणजे संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून घेतलेल्या चाचणीनेच, होते आणि ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. दुकानातल्या मलमावर हा आजार वर्षानुवर्षे लांबवू नका.

आज भाजलंच असेल तर

सावलीत या. साध्या गार पाण्याच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, दही-लिंबू नको. नंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. पाणी भरपूर प्या. फोड आले तर फोडू नका. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत ती जागा कापडाने झाका, सनस्क्रीनसुद्धा नंतर.

इथे थांबा

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या खात असेल, अंग खूप तापलं असेल, झटका आला असेल तर ते कातडीचं प्रकरण नाही, उष्माघात आहे. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मोठे फोड, थंडी वाजून ताप, उलट्या, डोळे सुजून बंद होणं, किंवा उन्हात गेल्यावर मिनिटांत गांधी उठून दम लागणं, यात त्याच दिवशी डॉक्टर.

याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा तो गालांवर आणि नाकावर पसरलेल्या लालीबरोबर सांधे दुखत असतील, तोंडात फोड येत असतील किंवा केस गळत असतील तेव्हा. महिनाभर न भरणारी किंवा सतत रक्त येणारी जखम, आकार बदलणारा तीळ, आणि फिक्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर तेही दाखवा. कोडाचे डाग असणाऱ्यांना लवकर भाजतं, त्यांनी सनस्क्रीन कोणतं हे डॉक्टरांनाच विचारावं. आणि वरचं सगळं दोन-तीन आठवडे नीट पाळूनही फरक नसेल, तर माझ्यासारख्याकडून तिसरी ट्यूब घेऊ नका.

खासगी फी जमत नसेल तर सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल आहे, ते मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. पुरळ जोरात असतानाचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण नंबर लागेपर्यंत ते बसलेलं असतं. त्या दिवशी सकाळी तोंडाला काहीच लावू नका, पावडरही नाही.